स्क्रिप्टने चालवलेलं झिप किंवा टार थांबतच नाही: सोप्यापासून अवघडापर्यंत तपासण्या

बॅकअपसाठी, डाउनलोड तयार करण्यासाठी किंवा कोणी अपलोड केलेली फाइल उघडण्यासाठी सर्व्हरवरची स्क्रिप्ट झिप, टार, सेव्हन-झिप, अनरार असलं एखादं बाहेरचं टूल चालवते. काही दिवस सगळं सुरळीत जातं. मग एका सकाळी त्याच टूलच्या डझनभर प्रोसेस सर्व्हर अडवून बसलेल्या दिसतात. हा बिघाड मी वेगवेगळ्या सर्व्हरवर पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. स्क्रिप्ट कधी पीएचपीत असते, कधी पायथनमध्ये, कधी साधी बॅशची. कारणं मात्र ठरावीकच निघतात. ही टूल्स टर्मिनलसमोर माणूस बसलेला आहे असं धरून बनवलेली आहेत. स्क्रिप्टमधून चालताना समोर कोणी नसतं. टूलने प्रश्न विचारला तर उत्तर देणारं कोणी नाही, ते अडकलं तर कंट्रोल-सी दाबणारं कोणी नाही, आणि तेच काम दुसऱ्यांदा सुरू झालं तर "अहो, आधीचं अजून चालू आहे" म्हणणारं कोणी नाही. खालच्या बहुतेक तपासण्या म्हणजे ही गैरहजेरी नेमकी कुठे नडली ते शोधणं आहे.

सगळं लिनक्स धरून लिहिलं आहे. कमांड आणि त्यांचे ऑप्शन उच्चाराप्रमाणे दिले आहेत.

लक्षणं

- टॉप किंवा एचटॉपमध्ये झिप, जीझिप, सेव्हन-झिप, अनरार यांच्या एकाहून जास्त प्रोसेस दिसतात आणि त्यातल्या काही तासन्‌तास जुन्या असतात.
- लोड ॲव्हरेज (सरासरी किती प्रोसेस चालू किंवा रांगेत आहेत तो आकडा) सीपीयूच्या कोअरच्या संख्येपेक्षा कितीतरी वर गेलेला असतो. कधी उलटंच दिसतं: लोड चढलेला, पण सीपीयू जवळजवळ रिकामा.
- वेबसाइट ५०२ किंवा ५०४ एरर देते, आणि वेब सर्व्हर रीस्टार्ट केला तरी झिपच्या प्रोसेस तशाच राहतात.
- टेम्प डिरेक्टरीत किंवा बॅकअपच्या फोल्डरमध्ये "झेड-आय"ने सुरू होणाऱ्या विचित्र नावांच्या फाइली साठतात. झिप आपली अर्धवट फाइल अशा नावाने लिहितं.
- डिस्क भरते. मोठी फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही.
- प्रोसेसच्या यादीत "डिफंक्ट" लिहिलेल्या नोंदी वाढत जातात.
- बॅकअपची फाइल रोज काहीच कारण नसताना मोठी होत जाते.

यातलं एक जरी लक्षण जुळलं तरी पुढे वाचा. दोन-तीन एकत्र दिसली तर मूळ कारण बहुधा एकच असतं, त्यामुळे प्रत्येक लक्षणाच्या मागे वेगळं धावू नका.

आधी नवीन प्रोसेस येणं थांबवा, मग जुन्यांकडे बघा

हाताशी पहिली येणारी गोष्ट म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारणारी किल डॅश ९. ती शेवटी ठेवा. त्याआधी क्रॉनमधली (ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारी सेवा) ती ओळ कॉमेंट करा, टायमर बंद करा किंवा वेबसाइटवरचं ते बटण काही वेळ काढून ठेवा. नाहीतर तुम्ही मारत राहाल आणि नवीन प्रोसेस येत राहतील.

सर्व्हर इतका जड झाला असेल की टाइप केलेलं अक्षरही उमटत नाही, तर त्या प्रोसेसला स्टॉप सिग्नल पाठवा. ती जागच्या जागी गोठते आणि सीपीयू मोकळा होतो, पण तिची सगळी माहिती तपासायला शिल्लक राहते. मेमरी मात्र परत मिळत नाही. नंतर कंटिन्यू सिग्नल दिला की ती पुढे चालू लागते. घाईच्या वेळी मला याचा फार उपयोग झाला आहे, आणि हा उपाय फारसा कोणी वापरत नाही याचं वाईट वाटतं. किल डॅश ९ ने पुरावा जातो, आणि टूलला आपला पसारा आवरायची संधीही मिळत नाही. साधा टर्म सिग्नल मिळाला तर जीझिप अर्धवट फाइल पुसून बाहेर पडतं, झिपही आपली टेम्प फाइल काढून टाकतं. ९ नंबरचा सिग्नल मिळाला तर तो कचरा डिस्कवर तसाच राहतो, आणि आउटपुट त्याच फोल्डरमध्ये जात असेल तर पुढच्या रात्रीच्या बॅकअपमध्ये तोही भरला जातो.

पहिली तपासणी: प्रोसेस काम करते आहे, वाट बघते आहे की गरगरते आहे?

याला काहीच खर्च नाही, आणि पुढची निम्मी कारणं इथेच बाद होतात. पीएस कमांडला डॅश ई ओ देऊन पीआयडी, पीपीआयडी, स्टॅट, ईटाइम, टाइम, डब्ल्यूचॅन आणि आर्ग्ज हे कॉलम मागवा. पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर, पीपीआयडी म्हणजे तिला सुरू करणाऱ्या पॅरेंट प्रोसेसचा नंबर, स्टॅट म्हणजे तिची अवस्था, डब्ल्यूचॅन म्हणजे ती कर्नलमध्ये कुठे थांबली आहे ते, आर्ग्ज म्हणजे पूर्ण कमांड. ईटाइम म्हणजे प्रोसेस सुरू होऊन किती वेळ झाला, आणि टाइम म्हणजे तिने प्रत्यक्ष सीपीयू किती वापरला. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा.

सुरू होऊन सहा तास झाले आणि सीपीयू दोन सेकंद वापरला, तर ती कशाची तरी वाट बघते आहे: इनपुटची, पाइपची (एका प्रोसेसचं आउटपुट दुसरीकडे नेणारी नळी), लॉकची किंवा डिस्कची. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर ती खरोखर काम करते आहे किंवा त्याच त्या वळणावर फिरते आहे. यातला फरक कळायला प्रॉकमधल्या (कर्नल चालू प्रोसेसची माहिती दाखवतो तो फोल्डर) त्या पीआयडीच्या फोल्डरमधली आयओ नावाची फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. राइट-बाइट्सचा आकडा वाढत असेल तर फाइल लिहिली जाते आहे. सीपीयू पूर्ण आणि वाचणं-लिहिणं शून्य, तर ती गरगरते आहे. सीपीयूचा टाइम ईटाइमच्या कित्येक पट असेल तर घाबरू नका. टूल एकाच वेळी अनेक कोअर वापरतं आहे इतकाच त्याचा अर्थ.

स्टॅटच्या कॉलममधली अक्षरंही बोलकी असतात. आर म्हणजे चालू. एस म्हणजे वाट बघत झोपलेली. टी म्हणजे थांबवलेली: टर्मिनलवरून बॅकग्राउंडला टाकलेल्या प्रोसेसने कीबोर्डवरून वाचायचा प्रयत्न केला की कर्नल तिला असं थांबवतो. झेड म्हणजे संपलेली (हीच ती "डिफंक्ट" नोंद), पण पॅरेंटने तिचा निकाल अजून वाचलेला नाही. डी म्हणजे डिस्क किंवा नेटवर्क ड्राइव्हच्या उत्तरासाठी अडकलेली. लिनक्समध्ये डी अवस्थेतल्या प्रोसेससुद्धा लोड ॲव्हरेजमध्ये मोजल्या जातात, म्हणूनच सीपीयू रिकामा असताना लोड चढलेला दिसतो.

आणखी एक नजर पीपीआयडीवर. तिथे १ असेल तर प्रोसेस अनाथ झाली आहे: जिने तिला सुरू केलं ती स्क्रिप्ट केव्हाच संपली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी: आधीचं काम संपायच्या आत पुढचं सुरू होतंय का?

क्रॉन आधीची खेप संपली की नाही हे बघत नाही. दर १० मिनिटांनी लावलेलं काम डेटा वाढल्यावर १४ मिनिटं घेऊ लागलं की दोन प्रोसेस एकाच डिस्कवर भांडतात, त्यामुळे दोघीही हळू होतात, तेवढ्यात तिसरी येते. प्रोसेसच्या सुरू होण्याच्या वेळा बघा. त्यांच्यात नेमकं क्रॉनच्या वेळापत्रकाइतकं अंतर दिसलं तर कारण सापडलं.

उपाय एका ओळीचा आहे: कमांडच्या आधी फ्लॉक डॅश एन आणि लॉक फाइलचं नाव. लॉक मिळाला नाही तर दुसरी खेप लगेच बाहेर पडते. स्वतः पीआयडी फाइल लिहून तपासण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण प्रोसेस कशीही मेली तरी तिचा लॉक कर्नल स्वतः सोडतो. एक गोष्ट मात्र जाणून घ्या. लॉक चाइल्ड प्रोसेसकडेही वारशाने जातो, त्यामुळे मागे अनाथ झिप जिवंत राहिलं तर लॉकही अडकून राहतो आणि बॅकअप गुपचूप बंद पडतो. फ्लॉकचा डॅश ओ ऑप्शन हा वारसा तोडतो, पण मी तो लावत नाही. अनाथ प्रोसेस जिवंत असताना नवीन सुरू न होणं हेच बरोबर आहे. त्याऐवजी लॉक मिळाला नाही की कोणाला तरी कळेल अशी सूचना लावतो.

सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) टायमरमध्ये हा प्रश्न येत नाही. युनिट, म्हणजे सिस्टमडीला सोपवलेलं काम, आधीच चालू असेल तर टायमर तेच दुसऱ्यांदा सुरू करत नाही.

वेबवरही हीच गोष्ट वेगळ्या वेषात येते. कोणी "सगळं डाउनलोड करा" दाबतं, पीएचपी झिप सुरू करते. एनजिनेक्स हा वेब सर्व्हर पीएचपीच्या (फास्ट-सीजीआय) उत्तरासाठी ठरलेल्या सेटिंगमध्ये ६० सेकंद थांबतो आणि ५०४ दाखवतो. तो माणूस साहजिकच रिफ्रेश करतो आणि दुसरं झिप सुरू होतं, पहिलं चालू असतानाच. ॲक्सेस लॉगमध्ये एकाच पत्त्यावरून तीच विनंती मिनिटा-मिनिटाने आलेली दिसली तर हेच घडतं आहे. यावर टाइमआउट वाढवू नका. झिप करण्याचं काम रांगेत टाका आणि वापरणाऱ्याला "फाइल तयार होत आहे" असं सांगा.

तिसरी: टूल प्रश्न विचारून थांबलं आहे का?

सर्वांत जास्त वेळा मला सापडलेलं कारण हेच. अनझिपला तीच फाइल आधीपासून जागेवर दिसली की ते विचारतं, बदलू का? सेव्हन-झिप आणि अनरारही विचारतात. पासवर्ड असलेली अर्काइव्ह (झिप, टार यांसारखी अनेक फाइली एकत्र बांधलेली फाइल) आली की पासवर्ड विचारतात. स्क्रिप्टला हा प्रश्न दिसतही नाही, आणि प्रोसेस शून्य सीपीयूवर अनंत काळ बसून राहते. काही टूल्सचं वागणं आणखी वाईट असतं: इनपुट संपलेलं असेल तर उत्तर चुकलं असं समजून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा छापत राहतात. मग सीपीयूही जातो आणि लॉग फाइल डिस्क भरून टाकते.

तीच कमांड, तीच फाइल, त्याच युजरने हाताने चालवून बघा. प्रश्न आला तर तो समोर दिसेल. नंतर प्रत्येक टूलला त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवा. अनझिपला डॅश ओ म्हणजे न विचारता बदल, डॅश एन म्हणजे असलेल्या फाइलीला हात लावू नकोस. सेव्हन-झिपला डॅश वाय. अनरारला डॅश ओ प्लस किंवा डॅश ओ मायनस, त्याच्याबरोबर डॅश वाय, आणि पासवर्ड विचारूच नये म्हणून डॅश पी मायनस. सेव्हन-झिपला डॅश पीबरोबर कुठलाही खोटा पासवर्ड दिला की पासवर्ड असलेली फाइल ताबडतोब चूक दाखवून बाहेर पडते. आपल्याला तेच हवं असतं. खरा पासवर्ड मात्र कमांडमध्ये असा देऊ नका, तो पीएसच्या यादीत सगळ्यांना दिसतो.

शिवाय प्रत्येक कमांडचं स्टँडर्ड इनपुट (जिथून ती उत्तर वाचते ती वाट) डेव्ह-नलकडे, म्हणजे कायम रिकाम्या असलेल्या फाइलकडे, वळवा. एखादा ऑप्शन विसरला तरी ही दुसरी भिंत उभी राहते. पण ती पूर्ण नाही: अनझिप पासवर्ड विचारताना स्टँडर्ड इनपुट सोडून थेट टर्मिनल उघडतं. क्रॉनमधून टर्मिनलच नसतं, त्यामुळे तिथे ते अडकत नाही. कोणी एसएसएचवरून किंवा स्क्रीन सेशनमधून तीच सेवा हाताने सुरू केली असेल तर अडकतं. "क्रॉनमधून चालतं, हाताने सुरू केलं की लटकतं" याचं उत्तर बहुधा इथे असतं. अशा वेळी कमांडच्या आधी सेटसिड लावा, म्हणजे तिचं टर्मिनलशी नातं तुटतं.

याच घरातलं आणखी एक कारण म्हणजे रिकामा व्हेरिएबल. स्क्रिप्ट जीझिप डॅश सी आणि पुढे फाइलचं नाव असा आदेश देते, पण नावाचा व्हेरिएबल रिकामा आला. मग जीझिपला फाइल दिलेलीच नसते, आणि फाइल नसेल तर ते स्टँडर्ड इनपुट वाचतं. तिथून काहीच येत नाही आणि ते वाट बघत राहतं. फाइलचं नाव नुसता डॅश असेल तरी अनेक टूल्स त्याचा अर्थ स्टँडर्ड इनपुट असाच घेतात. म्हणून कमांड बांधण्याआधी व्हेरिएबल रिकामा नाही ना ते तपासा, आणि नावाआधी पूर्ण पाथ लावा म्हणजे ते डॅशने सुरूच होणार नाही. पीएचपी वापरत असाल तर देवनागरी किंवा इतर बिगर-इंग्रजी नावांची वेगळी काळजी घ्या. लोकेल (भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) सी असेल तर एस्केप-शेल-आर्ग फंक्शन अशा अक्षरांना गाळून टाकतं, आणि पूर्ण देवनागरी नावातून काहीच उरत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला यूटीएफ-८ लोकेल लावला की हा त्रास संपतो.

चौथी: अर्काइव्ह स्वतःलाच गिळते आहे का?

आउटपुटची फाइल ज्या फोल्डरचा बॅकअप घेता त्याच फोल्डरमध्ये लिहिली जाते का, ते बघा. टारला आउटपुट फाइलचं नाव स्वतः दिलं असेल तर जीएनयू टार ती ओळखतं आणि "ही फाइल म्हणजे अर्काइव्हच आहे" असं सांगून वगळतं. पण टारचं आउटपुट पाइपने जीझिपकडे आणि तिथून त्याच फोल्डरमधल्या फाइलीत जात असेल, तर टारला ते कळायला मार्गच नसतो. ते त्या क्षणी दिसलेल्या आकाराइतका अर्धवट बॅकअप बॅकअपमध्येच भरतं आणि "वाचताना फाइल बदलली" असा इशारा देतं.

याची सावकाश आवृत्ती म्हणजे जुने बॅकअप त्याच फोल्डरमध्ये राहणं. आधीच दाबलेला डेटा पुन्हा दाबला जात नाही. त्यामुळे १ जीबीचा न दबणारा डेटा असेल तर दुसऱ्या रात्री २ जीबी, तिसऱ्या रात्री ४ जीबी, आणि ११व्या रात्रीची फाइल १,०२४ जीबीची. पहिल्या आठवड्यात कोणाच्या लक्षातही येत नाही.

सिमलिंकही (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) तपासा. टार लिंकला लिंक म्हणूनच साठवतं, पण झिप ठरलेल्या सेटिंगमध्ये लिंकच्या मागे जातं. वरच्याच फोल्डरकडे बोट दाखवणारी एक लिंक असेल तर तेच झाड पुन्हा पुन्हा भरलं जातं. झिपला डॅश वाय दिलं की ते लिंकच साठवतं. लक्षात घ्या, सेव्हन-झिपमध्ये हेच डॅश वाय "सगळ्याला हो" असतं, म्हणून एका टूलचे ऑप्शन दुसऱ्याला लावू नका. संपूर्ण रूटचा बॅकअप घेत असाल तर प्रॉक आणि सिस हे फोल्डर वगळा. त्यातल्या फाइली डिस्कवर नसतातच, आणि प्रॉकमधली केकोर नावाची फाइल अवाढव्य दिसते. टारचा वन-फाइल-सिस्टम ऑप्शन हे काम एका फटक्यात करतो, आणि जोडलेले नेटवर्क ड्राइव्हही बाहेर ठेवतो.

पाचवी: स्क्रिप्ट स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आहे का?

"शून्य नाही म्हणजे अपयश, अपयश म्हणजे पुन्हा चालवा" असं लिहिलेल्या स्क्रिप्ट फार आहेत. पण एक्झिट कोडचे अर्थ टूलनुसार वेगळे असतात. टारचा १ म्हणजे काही फाइली वाचताना बदलल्या. चालू सर्व्हरवर हे रोज होणार. सेव्हन-झिपचा १ आणि अनझिपचा १ म्हणजे इशारा. काम बहुधा झालेलं असतं. झिपचा १२ म्हणजे करण्यासारखं काहीच नव्हतं. झिपचा १८ म्हणजे काही फाइली उघडता आल्या नाहीत. अनझिपचा ८२ म्हणजे पासवर्ड चुकला, आणि हे शंभर वेळा चालवलं तरी चुकणारच. सेव्हन-झिपचा ८ म्हणजे मेमरी पुरली नाही, तिथे लगेच पुन्हा प्रयत्न केला तर सर्व्हर आणखी खाली जातो.

कोडनुसार निर्णय लिहा, प्रयत्नांना मर्यादा घाला आणि दोन प्रयत्नांत वाढतं अंतर ठेवा.

सहावी: टाइमआउट नेमकं कोणाला मारतो?

"पण आम्ही टाइमआउट लावला आहे" हे वाक्य मी बरेचदा ऐकतो. लावलेला असतो, पण तो भलत्यालाच लागू होतो.

पीएचपीचा मॅक्स एक्झिक्युशन टाइम, साधारणपणे ३० सेकंद, लिनक्सवर फक्त स्क्रिप्टचा स्वतःचा वेळ मोजतो. एक्झेक किंवा सिस्टमने चालवलेल्या बाहेरच्या कमांडमध्ये गेलेला वेळ त्यात धरलाच जात नाही. त्यामुळे झिप तीन तास चाललं तरी ती मर्यादा ओलांडली जात नाही. पीएचपी-एफपीएममध्ये (वेबसाठी पीएचपीच्या वर्कर प्रोसेस चालवणारी सेवा) रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट असतो, पण तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी वर्करला मारतो. झिप अनाथ होऊन चालूच राहतं. पहिल्या तपासणीत पीपीआयडी १ दिसला होता तो इथून आलेला असतो.

पायथनमध्ये सबप्रोसेसच्या रनला टाइमआउट दिला आणि शेल ट्रू ठेवलं, तर वेळ संपल्यावर मरतो तो शेल. त्याच्या पोटातलं झिप वाचतं. आउटपुट पकडायला सांगितलेलं असेल तर पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत आणखी चमत्कारिक व्हायचं: पाइपचं दुसरं टोक त्या झिपकडे उघडं असल्याने पायथन स्वतःही ते संपेपर्यंत अडकून राहायचं. तिथे टाइमआउट लावूनही स्क्रिप्ट लटकते, त्याचं कारण हे. शेल काढून टाका आणि कमांड लिस्टच्या रूपात द्या. स्टार्ट न्यू सेशन ट्रू करा आणि वेळ संपल्यावर किल-पीजीने सगळ्या ग्रुपला सिग्नल पाठवा.

बहुतेक ठिकाणी सर्वांत सोपा उपाय म्हणजे कमांडच्या आधी टाइमआउट नावाचंच टूल लावणं: टाइमआउट डॅश के ३०, मग २ तासांची मर्यादा, मग झिपची कमांड. दोन तासांनी ते आधी टर्म पाठवतं, ३० सेकंदांत प्रोसेस गेली नाही तर किल. नुसत्या टर्मने काम झालं तर एक्झिट कोड १२४ येतो, त्यामुळे स्क्रिप्टला "वेळ संपली" आणि "चूक झाली" यातला फरक कळतो. सिग्नल पूर्ण प्रोसेस ग्रुपला जातो, म्हणून शेलच्या आतलं झिपही सुटत नाही.

तुमच्या हातात सिस्टमडी असेल तर मी त्यालाच पसंती देतो. सर्व्हिस थांबली की तो त्या सी-ग्रुपमधल्या (त्या सर्व्हिसच्या प्रोसेसचा कर्नलने ठेवलेला गट) सगळ्या प्रोसेस संपवतो, अनाथ उरतच नाहीत. सीपीयू कोटा, मेमरी मॅक्स आणि टास्क्स मॅक्स तिथेच लावता येतात. फक्त वनशॉट प्रकारच्या (एकदा काम करून संपणाऱ्या) युनिटला रनटाइम मॅक्स लागू होत नाही आणि स्टार्टचा टाइमआउट मुळात बंद असतो; तो स्वतः लिहावा लागतो.

सातवी: पाइप भरला आहे का?

इथून पुढे थोडं कोड वाचावं लागेल. लिनक्समध्ये पाइपची क्षमता साधारणपणे ६४ केबी असते. टार डॅश व्हीने किंवा झिपने प्रत्येक फाइलचं नाव छापलं, आणि स्क्रिप्टने ते आउटपुट पकडलं पण वाचलं नाही, तर ६४ केबी भरल्यावर टूल लिहिताना थांबतं. स्क्रिप्ट टूल संपायची वाट बघते, टूल स्क्रिप्टने वाचायची वाट बघतं. डब्ल्यूचॅनच्या कॉलममध्ये "पाइप राइट"सारखं काही दिसलं तर खात्री धरा. थोड्या फाइलींच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. फाइली वाढल्या की अचानक सुरू होतं आणि मग सगळे नव्या सर्व्हरवर किंवा नव्या आवृत्तीवर संशय घेतात.

पायथनमध्ये पी-ओपननंतर वेट ऐवजी कम्युनिकेट वापरा. पीएचपीच्या प्रॉक-ओपनमध्ये आधी पूर्ण आउटपुट वाचून मग एरर वाचत असाल तर एररचा पाइप भरू शकतो. दोन्ही एकत्र करा किंवा फाइलीत वळवा. आणि मुळात टूलला गप्प करा: झिपला डॅश क्यू, टारमधून डॅश व्ही काढा. पीएचपीतून अँपरसँड लावून बॅकग्राउंडला टाकलेल्या कमांडचं आउटपुट फाइलीत किंवा डेव्ह-नलमध्ये वळवलं नाही, तर एक्झेक ती संपेपर्यंत थांबून राहतं.

आठवी: काम खरं आहे, पण भूक जास्त आहे

टूल प्रामाणिकपणे दाबतं आहे आणि तरी सर्व्हर कोलमडतो, असंही होतं. सेव्हन-झिप मिळतील तितके कोअर घेतं. एक्सझेडला डॅश ९ दिलं तर एकेका थ्रेडला दाबताना ६७४ एमआयबीच्या आसपास मेमरी लागते. ठरलेल्या ६ लेव्हलला ९४. अशा चार प्रोसेस एकत्र आल्या की कर्नल कोणाला तरी मारतो, आणि तो बळी डेटाबेस असू शकतो. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) "आउट ऑफ मेमरी" शोधा. झिपच मेलं असेल तर एक्झिट कोड १३७ दिसेल.

थ्रेड एक किंवा दोनवर आणा, लेव्हल कमी करा, नाइस १९ लावा. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ दाबण्यात वेळ घालवू नका. झिपला डॅश ० दिलं की ते नुसतं साठवतं, आणि अशा फाइलींच्या आकारात फारसा फरक पडत नाही.

नववी: बाहेरून आलेली फाइल

अपलोड उघडणाऱ्या स्क्रिप्टसाठी हे टाळू नका. ४२ डॉट झिप नावाची प्रसिद्ध फाइल जेमतेम ४२ केबीची आहे, आणि आतल्या आत सगळ्या उघडल्या तर ४.५ पेटाबाइट होतात. २०१९ मध्ये डेव्हिड फिफिल्ड यांनी आत दुसरी झिप न ठेवता, एकदाच उघडून १० एमबीतून २८१ टीबी निघतील अशी रचना दाखवली. उघडण्याआधी अनझिप डॅश एलने एकूण आकार बघणं चांगलं, पण तो आकडा फाइल बनवणाऱ्याने लिहिलेला असतो आणि खोटा असू शकतो. खरी मर्यादा यू-लिमिटची: डॅश एफने एका फाइलीचा कमाल आकार, डॅश टीने सीपीयूचे सेकंद. अनेक लहान फाइलींचा पूर यातून निसटतो, म्हणून उघडण्याची जागा वेगळ्या, कोटा असलेल्या पार्टिशनवर ठेवा.

पुसलेली जागा परत मिळत नसेल तर

प्रोसेसने फाइल उघडी धरलेली असेपर्यंत पुसूनही जागा सुटत नाही. एलसॉफला प्लस एल १ दिलं की पुसलेल्या पण उघड्या फाइली दिसतात. ती प्रोसेस टर्मने संपवा, जागा लगेच मोकळी होईल. झेड अवस्थेतल्या नोंदींना मारायचा प्रयत्न करू नका, त्या आधीच संपल्या आहेत. त्यांच्या पॅरेंट स्क्रिप्टमध्ये वेटचा कॉल राहून गेला आहे, तो घाला.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डी अवस्थेतली प्रोसेस मिनिटांमागून मिनिटं हलत नाही आणि किल डॅश ९ लाही दाद देत नाही, तर प्रश्न स्क्रिप्टचा राहिलेला नाही. डीमेसेजमध्ये आयओ एरर दिसत असतील तर डिस्क जाते आहे असं समजा. बॅकअप पुन्हा चालवून त्या डिस्कवर ताण टाकू नका, रीबूटही करू नका. स्टोरेज सांभाळणाऱ्यांना किंवा होस्टिंग कंपनीला लगेच कळवा.

नाव झिपचं, पण प्रॉकमधली ईएक्सई ही लिंक टेम्प डिरेक्टरीतल्या फाइलकडे बोट दाखवते, प्रोसेस वेब सर्व्हरच्या युजरने चालते आणि मारली की परत येते, तर सर्व्हरवर कोणीतरी शिरलं आहे ही शक्यता गंभीरपणे घ्या. काही पुसू नका. शक्य असेल तर नेटवर्क तोडा आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाकडे द्या.

डिस्क भरल्यामुळे डेटाबेस बंद पडला असेल तर डेटाबेसच्या फोल्डरमधल्या फाइली जागेसाठी कधीही पुसू नका, त्या लॉगसारख्या दिसत असल्या तरीही. बॅकअपच्या अर्धवट फाइली हलवा आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याला विचारा. शेअर्ड होस्टिंगवर असाल तर दुसऱ्याच्या प्रोसेस तुम्हाला दिसणारच नाहीत. तुमच्या स्क्रिप्ट तपासून झाल्या की सपोर्टला लिहा.

आणि वरचं सगळं करूनही प्रोसेस गरगरत असेल तर एसट्रेस (प्रोसेस कर्नलला करते ते कॉल दाखवणारं टूल) डॅश एफ डॅश पी आणि पीआयडी देऊन अर्धा मिनिट आउटपुट फाइलीत घ्या. एकच कॉल हजारो वेळा दिसला तर तो कोणता आणि कोणत्या फाइल डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलीच्या नंबरवर) आहे ते टिपून ठेवा. त्याबरोबर पीएसची यादी, टूलची आवृत्ती, पूर्ण कमांड, प्रॉकमधल्या एफडी फोल्डरची यादी आणि शक्य असल्यास ती अर्काइव्ह, एवढं जाणकाराच्या हाती द्या. प्रोसेस स्टॉप सिग्नलने गोठवून ठेवा, तो माणूस येऊन बघेपर्यंत मारू नका.